पागेकाकूंनी फाडलेलं पत्र

"फाडलं म्हणजे? कोणी फाडलं?" मी विचारलं.

नादिर मान खाली घालून उभा. शेजारी त्याच्या घरमालकीण, पागेकाकू. "मी फाडलं, चुलीत टाकलं. मृत्यूचं पत्र कोणी घरात ठेवतं का, वकीलबाई?"

सुनावणीला दोन दिवस उरले होते.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. नादिर अफगाण, देवासला कॉलेजात शिकायला आलेला. आपल्याकडे आश्रय मागायचा वेगळा कायदा नाही. परदेशी माणसाला राहण्याची मुदत वाढवून मिळते, नाहीतर देश सोडण्याची नोटीस येते. नादिरला नोटीस आली होती. कारण एकच: जिवाला धोका असल्याचा पुरावा नाही. मी फेरविचाराचा अर्ज दिला. तेवढ्यात पेशावरहून त्याच्या मामाचं पत्र आलं. थोरल्या भावाला गोळी घातली, तुझंही नाव यादीत आहे, परत येऊ नकोस.

पत्र फारसीत होतं. धारच्या एका रिटायर मुन्शीजींकडून मी हिंदी तर्जुमा करून घेतला. तो मूळ पत्रासह टपालाने माझ्याकडे आला. मूळ पत्र नादिर घरी घेऊन गेला. काकूंनी विचारलं, त्याने सांगितलं. काकूंनी पत्र जाळलं, त्याला मोरीत बसवून डोक्यावर पाणी ओतलं आणि स्वतःही आंघोळ केली. ऐन थंडीत.

मूळ कागद नष्ट झाला तर तर्जुमा चालू शकतो. पण अर्जदाराने तो स्वतः नष्ट केलेला नसावा, आणि हे सिद्ध करावं लागतं. मी बसने धार गाठलं. मुन्शीजी म्हणाले, "बेटी, ख़त मैंने अपनी आँखों से पढ़ा है. चलो."

सुनावणी घेणारे साहेब हसले. "वाह! जो ख़त लड़के को बचाता, वही जल गया?"

मी काकूंना पुढे केलं.

"माताजी, सबूत आपने फाड़ा?"

"तो क्या अलमारी में सजाती, भिया? जवान भाई गया इसका!"

"किसके कहने पर फाड़ा?"

"ये कोई कहने की बात है? तुम्हारे घर में रखते हैं क्या?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"नहीं," ते म्हणाले. "हमारी अम्मा तो चौखट के अंदर नहीं लाने देतीं."

मग त्यांनी मुन्शीजींना अर्धा तास उलटसुलट विचारलं. कागद कसा होता, शाई कोणती, यादीचा उल्लेख कुठे. मुन्शीजी तर्जुम्याकडे न बघता ओळीमागून ओळ सांगत गेले. एकही चुकली नाही.

नोटीस रद्द झाली. एक वर्षाची मुदत मिळाली. सही झालेली प्रत मी तिथेच उभं राहून घेतली. जिना उतरताना मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती. काळ्या कोटामुळे गप्प राहिले. पुढे दर वर्षी मुदत वाढत गेली, आणि त्याला परत पाठवायची भाषा पुन्हा कोणी केली नाही.

तेव्हापासून मूळ कागद मी अशिलाच्या घरी राहू देत नाही. घरात मायेची माणसं असतील तर मुळीच नाही.