जॅकवेलवरचे बुडबुडे

निवांतरावांचं खरं नाव खात्याच्या हजेरीपटावर असेलच, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ते स्वतः तरी वळून बघतील की नाही, याची खात्री नव्हती. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "काय, कसं वाटतंय काम?" हे म्हणाले, "निवांत." झालं, तेव्हापासून तेच नाव. पुढे केस पिकले तसं लोकांनी त्याला 'राव' जोडलं.

ते आळशी होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण आळशी माणूस आणि कामचुकार माणूस यांत फरक असतो, आणि ज्याला तो मान्य नसेल त्याने इथेच थांबावं. कामचुकार माणूस काम टाकून पळतो. आळशी माणूस काम आपोआप होईल अशी सोय लावतो आणि मगच पाय पसरतो. निवांतरावांची घरची पंख्याची बटणं पलंगाच्या पायाशी होती, ती अंगठ्याने दाबता यावीत म्हणून.

त्यांची नोकरी जॅकवेलवर. म्हणजे तलावातून पाणी उपसणारी ती गोल विहीर असते ना, काठापासून आत, तिच्यापर्यंत एक अरुंद पूल जातो आणि वर एक केबिन असते, तिथे. केबिनमध्ये एक टेबल, एक फोन, एक आकडा दाखवणारं यंत्र आणि एक आरामखुर्ची. खुर्ची खात्याची नव्हती. ती निवांतरावांनी घरून आणली होती, आणि ती पुलावरून नेताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं इतके कष्ट घेतले होते.

घरी बायकोचा शिवणाचा क्लास चाले. एका वेळी चार मशिनी धडधडत. थोरली मुलगी मोठ्याने पाठांतर करी, आणि सासूबाईंना कमी ऐकू येत असल्यामुळे टीव्ही शेजारच्या गल्लीलाही ऐकू जाई. सासूबाई बोलत कमी, पण फडताळावरून बोट फिरवून ते धुळीचं बोट सगळ्यांना दाखवत. अशा घरातून निघालेला माणूस त्या पुलावर पाऊल टाकायचा तेव्हा त्याला काय वाटत असेल? पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, वारा आणि खुर्ची. निवांतरावांचं त्या केबिनवर प्रेम होतं. खरंखुरं, पोटातून.

काम एकच, पण चिकट. केबिनच्या जमिनीत एक चौकोनी झाकण होतं. ते उचललं की खाली हातभर पाण्यात साखळीला सेन्सर लटकलेला दिसे. पाणी किती गढूळ आहे ते तो सांगायचा. त्याच्या तोंडाला काच, काचेतून तो पाण्यात उजेड सोडणार, पाण्यातल्या मातीच्या कणांवर आपटून जेवढा उजेड परत येईल तेवढा मोजणार. कण जास्त तर आकडा जास्त. तो आकडा तारेवरून काठावरच्या शुद्धीकरण प्लांटमध्ये जायचा आणि तिथला ऑपरेटर त्यावरून पाण्यात तुरटी सोडायचा. या ऑपरेटरला सगळे भोंगा म्हणत, कारण तो फोनवर बोलला की फोनची गरज पडत नसे.

अडचण काचेची. पाण्यात राहिलेल्या काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, आणि मग पाणी स्वच्छ असलं तरी सेन्सर बोंब मारतो की गढूळ आहे. सेन्सरला स्वतःचा छोटा वायपर होता, पण तो केव्हाच मेला होता आणि नवा "येतोय" असं खातं सांगत होतं. म्हणून रोज सकाळी गुडघे टेकायचे, साखळी ओढायची, काच मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने धुवायची, मऊ कापडाने टिपायची, नख लागू द्यायचं नाही, घासणी तर अजिबात नाही, आणि सेन्सर परत सोडायचा. हे काम निवांतराव करत. कुरकुरत, पण करत.

मग एका सकाळी त्यांची पाठ धरली. वाकताच येईना. "उद्या बघू," असं म्हणून ते खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशीही पाठ तशीच. आकडा मात्र छान, शहाण्या मुलासारखा जागेवर. पाठ सुटली तेव्हा त्यांनी धास्तावून साखळी ओढली. आता काचेवर गोधडीएवढं शेवाळ असणार! वर आली ती लखलखीत काच. निवांतरावांना त्यात स्वतःची मिशी दिसली.

त्यांनी सेन्सर परत सोडला, टॉर्च घेतला आणि झाकणातून खाली डोकावून पाहिलं. थोड्या वेळाने अंगठ्याएवढी एक मासोळी आली. काचेसमोर थांबली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे तिने सगळी काच चाटूनपुसून साफ केली, एका कोपऱ्यात काहीतरी राहिलं होतं म्हणून परत आली, आणि मग शेपटीचा एक तोरा दाखवून निघून गेली.

"सासूबाई!" निवांतराव उद्गारले. त्या दिवसापासून मासोळीचं नाव तेच पडलं.

आता व्यवस्था लागली होती, त्यामुळे पाय पसरायला हरकत नव्हती. वर्षभर निवांतरावांनी ब्रशला हात लावला नाही. एकच खोट होती. सासूबाई काचेसमोरून जात तेव्हा त्यांच्या अंगावर आपटून भरपूर उजेड परत येई, आणि आकडा क्षणभर टुणकन उडे. लगेच फोन.

"निवांतराव! आकडा उडाला!"

"बुडबुडा असेल हो."

"परत उडाला!"

"दोन बुडबुडे."

काचेसमोर हवेचा बुडबुडा आला तरी आकडा उडतो, हे भोंग्याला माहीत होतं, त्यामुळे त्याची समजूत पटायची. फक्त या तलावाला एवढे बुडबुडे कुठून येतात, याचं त्याला मनापासून कुतूहल वाटे. एकदा तर त्याने काळजीने विचारलं, "तलावाला गॅस तर झाला नसेल?"

हे सुख असंच चाललं असतं. पण खात्यात कुणीतरी सगळ्या जॅकवेलचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघितले. बाकी सगळीकडे काचा शेवाळलेल्या, आकडे भरकटलेले, आणि इथे, मेलेल्या वायपरवर, वर्षभर काच आरशासारखी. खात्याच्या मोठ्या बाईंचा स्वतःचा फोन आला. "मी तुमची पद्धत बघायला येतेय. पसंत पडली तर तुम्हाला मुख्य ऑफिसात घेऊ. सगळ्यांना तुम्हीच शिकवा. बढती समजा."

निवांतरावांनी फोन ठेवला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. मुख्य ऑफिस! पाच मजले, वर्गभर माणसं, फळा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं, तेही उभं! खरं सांगावं तर वर्षभर फसवलं म्हणून केबिन जाणार. न सांगावं तर बढती मिळून केबिन जाणार.

घरी वेगळीच तऱ्हा. ही बातमी भोंग्याकडून आली असल्यामुळे सगळ्या गल्लीला एकदमच कळली होती. बायकोने चारही मशिनी थांबवल्या. "अहो, मी आईला नेहमी सांगायची, हा माणूस वाटतो तसा नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निवांतरावांना ते बघवेना. त्याच रात्री तिने त्यांच्यासाठी ऑफिसला शोभेल असा शर्ट बेतायला घेतला. कॉलर चांगली ताठ ठेवली होती.

काहीतरी बिघडवायला हवं, म्हणजे पद्धतीची कीर्ती जाईल आणि बढती टळेल. त्यांनी सेन्सरभोवती बारीक जाळी बांधली. सासूबाई बाहेर, सेन्सर आत. त्या येत, जाळीला तोंड लावून उभ्या राहत, आणि खाली बघणाऱ्या निवांतरावांना उगाच वाटे की आता त्या बोट दाखवणार. काच शेवाळली. आकडा चढत गेला. भोंगा इमानदारीने तुरटी वाढवत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवला.

"पाणी कसलं तुरट लागतंय हो. तुमचं लक्ष असतं ना तिकडे?"

या एका वाक्याने निवांतराव खजील झाले. आळशी होते, पण अख्ख्या वस्तीचा चहा बिघडवणारे नव्हते. कामावर जाताच त्यांनी जाळी सोडली आणि खाली बघून ते म्हणाले, "या, चुकलं माझं." सासूबाईंनी राग धरला नाही. दुपारपर्यंत आकडा जागेवर आला आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले.

मोठ्या बाई आल्या त्या एकट्याच, ड्रायव्हरला काठावर ठेवून. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, चपला हातात घेऊन त्या पुलावरून चालत आल्या. कुठली फळी हलते ते त्यांना ठाऊक असावं, कारण नेमकी तीच त्यांनी ओलांडली. पण निवांतरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ताठ कॉलर त्यांना टोचत होती.

"दाखवा," बाई म्हणाल्या.

निवांतरावांनी ब्रशचा डबा उघडला. आतून एक कोळी बाहेर आला आणि सावकाश टेबलाखाली गेला. ब्रश वाळून खराट्याइतका कडक झाला होता. पुसायचं मऊ कापड शोधलं तर ते घडी करून आरामखुर्चीच्या उशाला होतं. बाईंनी हे सगळं पाहिलं. त्यामुळे निवांतराव बोलत सुटले. "आधी मन शांत करायचं, बाई. घाई केली की काचेला कळतं. मग साखळी अशी, हलक्या हाताने. श्वास रोखायचा. आणि मग, ब्रश जवळपास न लावताच..."

"न लावताच?"

"जवळपास."

"सगळ्यांना हेच शिकवाल?"

"मन शांत करायचं तरी शिकवीन."

"बरं. सोडा खाली. आकडा बघू."

सेन्सर पाण्यात गेला. आकडा बसला. दोघंही बघत राहिले. आकडा टुणकन उडाला.

"हे काय?"

"बुडबुडा," निवांतराव म्हणाले. जीभ सवयीने वळली होती.

बाईंनी पदर खोचला, टेबलावरचा टॉर्च उचलला आणि सरळ जमिनीवर पालथं पडून झाकणातून आत डोकं घातलं. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, "निवांतराव, तुमचा बुडबुडा शेपूट हलवतोय."

संपलं. निवांतरावांनी सगळं सांगून टाकलं. पाठ, मासोळी, जाळी, तुरट चहा. भोंग्याची वर्षभर केलेली फसवणूकही सांगितली. शेवटी म्हणाले, "काय शिक्षा करायची ती करा, बाई. पण तिला काढू नका. तिचं काम चोख आहे. आणि मला, जमलं तर, इथून हलवू नका. मला दुसरीकडे कुठे बसता येत नाही."

बाई उठल्या. गुडघे झटकले. मग विचारलं, "बसू का जरा?" आणि उत्तराची वाट न बघता आरामखुर्चीत बसल्या.

"माझ्या वेळी गोगलगाय होती," त्या म्हणाल्या.

"गोगलगाय?" निवांतरावांनी विचारलं.

"याच केबिनमध्ये. नोकरीची पहिली वर्षं माझी इथेच गेली. वायपर तेव्हाही येतच होता. गोगलगाय सगळी काच चाटून काढायची, आणि मी तिथे खिडकीत बसून पाण्याकडे बघत राहायची. साहेब आले, काच बघून खूश झाले, पद्धत विचारली. मी घाबरून काहीतरी सांगितलं. तुमच्याइतकं चांगलं नाही, पण सांगितलं." त्या हसल्या. "बढती मिळाली. मग पुढची, मग त्यापुढची. खरं बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इतकी वर्षं वर चढत गेले. तेव्हापासून एक दुपार अशी बसलेली नाही."

त्यांचे डोळे भरले होते की पाण्यावरच्या उन्हाची तिरीप होती, ते निवांतरावांना कळलं नाही. त्यांना मात्र भरून आलं.

"तुम्ही खरं बोललात," बाई म्हणाल्या. "त्यामुळे बढती गेली. आठवड्यातून एकदा काच स्वतःच्या हाताने धुवायची, नवीन ब्रशने. मी येऊन तपासणार. आणि त्या प्लांटवाल्याला मासोळी दाखवा, बिचारा तलावाला औषध शोधत असेल."

"आणि घरी काय सांगू? तिने शर्ट शिवलाय हो."

"सांगा, बाई म्हणाल्या, ही जागा सांभाळणारा दुसरा माणूस आमच्याकडे नाही. ते खोटं नाही. आता एक काम करा, काठावर जाऊन ड्रायव्हरला सांगा, तपासणीला वेळ लागेल. संध्याकाळ होईल."

निवांतरावांचा जीव भांड्यात पडला. कॉलरचं बटण सोडून ते पुलावर निघाले, आणि आयुष्यात क्वचित चालले असतील इतके भराभर चालले. अर्ध्यावर पोचले असतील तोच मागे केबिनमध्ये फोन खणखणला. ते थबकले. परत फिरावं की नाही असा विचार करत असतानाच घंटा थांबली. उघड्या दारातून भोंग्याचा आवाज फोनमधूनसुद्धा पुलापर्यंत आला, "निवांतराव! आकडा उडाला!"

खुर्चीत आरामात पसरलेल्या आवाजात मोठ्या बाई म्हणाल्या, "बुडबुडा असेल हो."