उदबत्ती आणि पाव फेरा

उदबत्तीचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. माझी जुनी स्पोर्ट्स कार गचके खायला लागली, म्हणून कर्जतच्या घरामागच्या शेडमध्ये लागोपाठ तीन रविवार मी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जुळवत बसलो होतो. स्क्रू पाव फेरा इकडे पिळला की गाडी काळा धूर ओकायची, तिकडे पिळला की बंदच पडायची. शेवटी वैतागून शिळफाट्याच्या म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं, तर त्याने पेटीतून उदबत्ती काढली. "आता पूजा करणार का?" मी खेकसलो. त्याने ती पेटवली आणि चालू इंजिनाच्या हवेच्या रबरी पाइपावरून फिरवली. एके ठिकाणी धूर सर्रकन आत ओढला गेला. "उंदरानं कुरतडलंय. फुकटची हवा खाती ही, स्क्रू पिळून काय व्हनार? गाडीवर काय झाकता?" धूळ बसू नये म्हणून भाताची रिकामी पोती टाकतो, मी सांगितलं. पाइपाखाली पडलेली चिमूटभर भाताची तुसं त्याने माझ्या तळहातावर ठेवली. "मग उंदराला जेवायला तुमीच बोलावलंत की!" पाइप बदलला, गाडी सुधारली, पण मी नाही. आजही देवापुढे उदबत्ती लावली की हात जोडायच्या आधी मी बघतो, धूर कुठे ओढला जातोय.