वन्संनी लावलेली नाती

सबंध बीड जिल्ह्यात नाती लावण्यात आमच्या वन्संचा हात धरील असं माणूस अजून जन्माला यायचंय, आणि त्यांनी लावलेलं एकही नातं खरं नव्हतं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची चुलत बहीण. माजलगावच्या बाजारात त्या कुण्या दोन बायांना पुढं घालून येत आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत सांगून मोकळ्या होत, "ह्या मावसबहिणी हायत." त्याच दोघी पुढच्या बाजाराला जावा झालेल्या असत आणि त्याच्या पुढच्याला नणंद-भावजय. एकदा एक घरमालक हटूनच बसला. एकीची जात एक, दुसरीची दुसरी, मग या बहिणी कशा? वन्संच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. म्हणाल्या, "दूधबहिणी हायत. एकाच म्हशीचं पिऊन वाढल्या." खोली मिळाली.

आता सरळच सांगते, कारण आमच्या घरात हे आजही कुणी सरळ सांगत नाही. या बाया एकमेकींवर जीव जडलेल्या, नवराबायकोसारखा संसार करणाऱ्या असत. वन्संही तशाच. लग्न करून दिलं होतं, ते वर्षभरही टिकलं नाही. मग धर्मापुरीची एक अबोल बाई त्यांच्यासोबत राहायला आली, ती कायमचीच. तिला सगळे 'धर्मापुरीची' म्हणत. भावांनी आधी वन्संच्या वाटणीची जमीन गोड बोलून आपल्या नावावर करून घेतली आणि मग बहिणीला घराबाहेर काढलं. हा क्रम मुद्दाम सांगते. घराण्याची अब्रू त्यांना सह्या झाल्यावर आठवली.

दुसरी एखादी रडत बसली असती. वन्संनी धंदा काढला. पुण्याहून आलेल्या एका शिकलेल्या मुलीनं त्यांना सांगितलं, की तुमच्यासारख्यांना लेस्बियन म्हणतात. वन्संनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "असंल बाई. पर त्यांच्याकडं गिऱ्हाईक म्हनून कुनी बघितलं व्हतं का? आमी बघितलं." ऊसतोडीला आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, तिला टोळीत कुणी उभं करत नाही. वन्संनी दोन-दोन बायांचा एक कोयता केला आणि स्वतः मुकादम झाल्या. बाकीचे मुकादम खदाखदा हसले. एक म्हणाला, "आक्का, बाप्या नसंल तर मोळ्या कोन वाहनार?" वन्सं म्हणाल्या, "तुज्या टोळीत कोन वाहतंय ते म्या डोळ्यानं बघितलंय. तू बिडी वड." त्यांच्या टोळीत दारू नव्हती, मारहाण नव्हती, आणि हंगाम संपेपर्यंत एकही बाई पळून जात नसे. पळून जायचं ते आधीच जाऊन आलेल्या होत्या.

मग त्यांनी मोंढ्यामागं, धान्यबाजाराच्या पाठीमागं, पत्र्याच्या खोल्या घेतल्या, फक्त जोड्यांसाठी, आणि पुढं खानावळ. हिशेबाच्या पक्क्या, पण जोडी भांडली की मात्र त्यांचा जीव खालीवर होई. एकदा ऐन थंडीत दोघी तोंड फिरवून बसल्या होत्या, वेगळी खोली मागत होत्या. वन्संनी त्यांची एक गोधडी उचलून नेली. "धुवायला टाकलीया," म्हणाल्या, "एकीतच भागवा." सकाळी दोघी एका ताटात जेवत होत्या. गाव मात्र खानावळीत दोन वेळा जेवायचं आणि बाहेर येऊन थुंकायचं. "दोन बायांचं कसलं आलंय घर?" हे वाक्य मी ढेकर देत म्हटलेलं ऐकलंय.

मग दुष्काळ पडला. सलग पडला. ऊस गेला, कारखाना बंद, खानावळीला टँकरचं पाणी पुरेना. लोक दावणीची जनावरं मिळेल त्या भावात विकत होते आणि आमच्या वन्सं ती विकत घेत होत्या! डोकं फिरलं म्हणायचे सगळे. त्यांचा बेत वेगळाच होता. जोड्यांना जनावरं वाटून द्यायची आणि त्यांची दूध संस्था काढायची. एकदा नोंदणी झाली की चारा मिळेल, दुधाला दर मिळेल आणि एकाही जोडीला पोटासाठी माहेरच्या दारात परत जावं लागणार नाही. त्या दारात काय वाढून ठेवलेलं असे, ते सगळ्यांनाच माहीत होतं. वन्संची धरून पाच जोड्या तयार झाल्या.

कायदा असा, की संस्थेला दहा सभासद लागतात, आणि तेही दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले. इथंच वन्सं फसल्या. आयुष्यभर खोटी नाती सांगणाऱ्या या बाईनं अर्जात प्रत्येक जोडीचा पत्ता मात्र खरा घातला. एकच दार, एकच चूल. आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं लगेच हरकत घेतली, ही दहा नव्हे, पाचच कुटुंबं आहेत म्हणून. काय न्याय आहे बघा! त्याच्या स्वतःच्या दूध संस्थेत बायको, मुलं, सुना, भाऊ, भावजया सगळे सभासद. एका चुलीवर जेवतात आणि कागदावर वेगवेगळी कुटुंबं. आणि दोन बायांचं घर असतं हे या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

कार्यालयात मी सोबत होते. अधिकारी वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "बाई, नुसतं सांगा की आम्ही भाडेकरू आहोत, एकमेकींच्या कुणी नाही. मी तसं लिहितो, काम होऊन जाईल." मी वन्संना कोपरानं ढोसलं. एवढं तर त्यांच्या डाव्या हाताचं काम! वन्संनी तोंड उघडलं. शेजारी धर्मापुरीची खाली मान घालून पदराचं टोक पिळत उभी होती. वन्संनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाई सायेब. आमचं एकच घर हाय. तसंच लिवा." मागून एकेक करत बाकीच्याही म्हणाल्या, "आमचंबी." एक जोडी गप्प राहिली. त्यांना मी बोल लावत नाही.

एसटीत मी वाट्टेल तसं बोलले. "जन्मभर थापा मारल्यात, आजच कसा हरिश्चंद्र आठवला?" वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दुसऱ्यांची नाती लई लावली, वैनी. पर ही शेजारी हुबी असताना, ही माजी कुनी न्हाई, असं कसं म्हनू?"

संस्था गेली. जनावरं पडेल भावात निघाली. तीन जोड्या पुण्याला गेल्या आणि जी गप्प राहिली होती, त्यातल्या एकीला भाऊ येऊन घेऊन गेला. तिचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, कारण सांगतील ते ऐकवलं नसतं.

परवा वन्संकडं गेले होते. आता एकच खोली उरलीय आणि दाराशी चहाची टपरी. आपल्याकडे ज्या भिंतीवर लग्नाचा फोटो लावतात, तिथं त्यांनी नोंदणी नाकारल्याचा कागद काचेत घालून लावलाय. या दोघींच्या नावांपुढं लिहिलंय, 'सदर दोन्ही महिला एकाच कुटुंबातील असल्याचे दिसून येते.' खाली सही, शिक्का. मला आधी हसूच आलं. धर्मापुरीची उठली, पदरानं काच पुसली आणि परत जागेवर जाऊन बसली. वन्सं म्हणाल्या, "सरकारनं लिवलंय, वैनी. आता कुनी न्हाई म्हनू दे." मला पुढं हसता येईना. बशीतला चहा निवून गेला तरी मी त्या शिक्क्याकडंच बघत होते. वाटत होतं, हेच वाक्य कुणीतरी या दोघींना एकदा आनंदानं लिहून द्यायला हवं होतं.