विश्वासाच्या रकान्यात कुणाचं नाव?

प्रबंधात जे बसत नाही, ते आमच्याकडे चहाला निघतं. सुधीरच्या पीएचडीचे किस्से असेच साठलेत. एक सांगायला घेतला की मागे दुसरा उभाच!

सुधीर नागपूरचा, अर्थशास्त्राचा संशोधक. दोन हजारच्या दशकात आम्ही चेन्नईत होतो. धंद्यात करारापेक्षा ओळखी जास्त कामाला येतात का, हे त्याला शोधायचं होतं. मी त्याची असिस्टंट, आणि दुभाषी रावकाका. काका तंजावरच्या मराठी घरातले, निवृत्त शिक्षक. मराठी जुन्या पोथीतलं, हेल तमिळ! सुधीरचा प्रबंध अजून व्हायचा होता, पण काका त्याला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणायचे.

*

तमिळमध्ये विश्वासाला 'नंबिक्कै' म्हणतात. सुधीरनं तो शब्द पाठ केला आणि एक दिवस एकटाच सर्व्हेचे फॉर्म भरून घ्यायला गेला. त्याचा उच्चार ऐकून समोरचा प्रत्येक जण खूश व्हायचा, "ओ, नंबर!" संध्याकाळी बघतो तर विश्वासाच्या रकान्यात ओळीनं फोन नंबर!

मी कपाळावर हात मारला. काका शांतपणे म्हणाले, "नंबर दिधला म्हणजे विश्वास आहेच की!"

*

टी. नगरचे एक साडीवाले. सुधीरनं फॉर्म काढायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. गाव कुठलं? वडील काय करतात? लग्न? इथे ओळखीचं कोण? अर्ध्या तासात त्यांना सुधीरची मावशीसुद्धा कळली होती. आमचा फॉर्म मात्र कोरा!

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "डॉक्टर, त्यांचा सर्व्हे उत्तम जाहला!"

*

पेरुंगुडीच्या आयटी ऑफिसात एका तरुण मॅनेजरला विचारलं, "कामात तुम्ही सगळ्यात जास्त विश्वास कुणावर ठेवता?"

तो गंभीर झाला. म्हणाला, "एचआरला विचारून मेल करतो."

*

अंबत्तूरला एका लेथवाल्यानं 'मुख्य स्पर्धक' म्हणून शेजारच्या मुरुगेशनचं नाव दिलं. 'अडचणीत मदत कोण करतं?' तिथेही मुरुगेशन! सुधीरला वाटलं, काकांचं भाषांतर चुकलं.

"चुकलं कसं?" लेथवाला म्हणाला. "माझं मशीन बंद पडलं तर गिऱ्हाइकाला बोलावू?"

*

आणि कामाक्षीअम्मा.

त्यांचा स्प्रिंग बनवण्याचा छोटा कारखाना. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं चालवलेला. अडचणीत फोन कुणाला, यावर त्यांनी न थांबता पाच नावं दिली. सगळे कारखानदार, नवऱ्याचे जुने मित्र. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या पाचही जणांचे फॉर्म भरले. त्यांच्या याद्यांत अम्मा कुठेच नव्हत्या. सुधीर ते कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिला. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

महिन्याभरानं एक सही राहिली म्हणून परत जावं लागलं. अम्मांनी कॉफी दिली आणि काकांच्या भाषांतराची वाट न बघता सरळ इंग्रजीत विचारलं, "त्या पाचांनी माझं नाव घेतलं?"

"ते सांगता येत नाही, अम्मा. नियम आहे," सुधीर म्हणाला. पण त्याला चेहरा सांभाळता येत नाही.

"शरी," अम्मा म्हणाल्या. म्हणजे 'बरं'. पदरानं उगाचच टेबल पुसलं. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. या शहरात अडचणीत सापडलात तर फोन कुणाला कराल? पाच नावं."

"रावकाका," सुधीर म्हणाला. "मग मेधा." म्हणजे मी. आणि तो अडकला. तीन वर्षं झाली होती त्याला चेन्नईत!

अम्मांनी त्याच्या हातातला कोरा फॉर्म ओढून घेतला, तिसऱ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या. एकाच्या तरी यादीत आले मी!"