टर्कीच्या रश्श्याला येसर

हैदराबादच्या विमानतळावर मला सोडायला जीप भरून माणसं आली होती. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या आमच्या गावातून कुणी परदेशी निघालं की पोचवायला हैदराबादच जवळ पडतं, म्हणून वडिलांनी ओळखीच्या माणसाची जीप सांगितली होती. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते, नवरा सुधीर आधीच ओहायोतल्या एका छोट्या गावात नोकरीला होता, आणि मी पहिल्यांदा विमानात बसणार होते. काचेच्या दारापाशी आईने पिशवीत येसरचा डबा कोंबला. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात चमचाभर सोडलं की पातळ आमटीला अंग येतं. आई रडत होती. दादा रडले नाहीत. ते जीपच्या मागच्या चाकात हवा आहे का, हे पुन्हा पुन्हा बघत होते. मी पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडं कुणी जेवायला बोलावलं तर जायाचं, माय. आन् आपुन बी बोलवायचं. लाजायचं न्हाई."

मी लाजलेच. पहिले काही महिने खिडकीतून बाहेर बघण्यात गेले. गल्लीत माणूस दिसायचा नाही, गाड्या तेवढ्या जायच्या. जी एकच व्यक्ती रोज दिसायची ती म्हणजे शेजारची डोरोथी. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, अंगणातली पानं गोळा करत उभी असायची. नोव्हेंबरात एके दिवशी तिने माझं दार वाजवलं आणि थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणाऱ्या त्यांच्या सणाला, जेवायला ये असं सांगितलं. सांगितलं म्हणजे बजावलंच. तिच्या घरी दर वर्षी त्या दिवशी गल्लीतली जी जी माणसं एकटी असतील ती सगळी जेवायची. गावात लोक विचारायचेही तसंच, "यंदा डोरोथीकडे येणार ना?"

तिथं मी पहिल्यांदा टर्की पाहिली. निळ्या मुलाम्याच्या भल्यामोठ्या भांड्यात पाय वर करून बसलेला, सोनेरी पडलेला तो पक्षी बघून मला आमच्या गावचा पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे मटण असायचं. आई माळकरी. तिच्या चुलीवर ते चढायचं नाही. दादा गोठ्यासमोर तीन दगड मांडायचे आणि स्वतः शिजवायचे. भावकीतले सगळे ताटल्या घेऊन भोवती बसायचे. इथेही तसेच सगळे एका भांड्याकडे बघत बसले होते. वास मात्र वेगळा होता, लोण्याचा आणि सेज नावाच्या एका पाल्याचा.

खरं सांगते, पहिला घास मला कापसासारखा लागला. डोरोथीने टर्कीच्या कातडीखाली लोणी चोळलं होतं, पोटात शिळ्या पावाचे तुकडे, सेलरी आणि कांदा भरला होता, आणि चार-पाच तास ओव्हनमध्ये ठेवली होती. सगळे वाहवा करत होते. मी खालमानेने ग्रेव्ही ओतून ओतून खाल्लं. पण त्या टेबलावर मला कुणी परकं मानलं नाही, आणि घरी येताना डोरोथीने उरलेली अर्धी टर्की माझ्या हातात दिली. ती कशी संपवायची ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिचे तुकडे काळ्या मसाल्यात परतले आणि भाकरीसोबत आम्ही दोघांनी फस्त केले.

तेव्हापासून मला टर्कीने पछाडलं. तुमच्यातल्या ज्या बाया माझ्यासारख्या बाहेर गेल्या त्यांना कळेल. परक्या गावात स्वयंपाकघर हा एकच मुलूख असा असतो, जिथं आपण हुकूम करू शकतो. पहिली टर्की मी डोरोथीच्या देखरेखीखाली केली. ती फ्रीजमध्ये पुरेशी वितळलीच नव्हती, वरून भाजली आणि आत बर्फ राहिला. पोटात कागदाच्या पुडीत काळीज आणि पेटा ठेवलेला असतो हेही माहीत नव्हतं, पुडीसकट भाजला. डोरोथी हसून हसून खुर्चीत बसली. पुढच्या वर्षी तिने मला मिठाच्या पाण्यात पक्षी बुडवून ठेवायला शिकवलं. सुधीरच्या कारखान्यातला एक जण अंगणात भला मोठा हंडा मांडून अख्खी टर्की तळायचा, तीही शेंगदाण्याच्या तेलात. तेलाचा वास आला आणि मला लातूरच्या तेलाच्या घाण्यासमोरून चालल्यासारखं वाटलं. कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत रसरशीत. कुणी सफरचंदाच्या लाकडाच्या धुरावर दिवसभर ठेवायचं, कुणी संत्र्याची सालं आणि मध लावायचं. मी सगळ्यांकडे जाऊन बघून यायचे, विचारायचे, चाखायचे. इंग्रजी मी अशीच शिकले, ओव्हनसमोर उभं राहून.

घरी मात्र मी माझ्या पद्धतीने करून बघायला लागले. गुरुवारी डोरोथीकडे जेवायचं आणि शनिवारी घरात आमच्या दोघांसाठी एक लहानशी टर्की, असा नेम पडला. काही प्रयोग फसले. एकदा वरून काळा मसाला थापला तर तो जळून सगळं घर खोकायला लागलं. दादांना व्हिडिओ कॉल लावला. माझ्याकडे सकाळ, त्यांच्याकडे संध्याकाळ. ते ओसरीत चष्मा लावून बसले आणि पक्षी बघून म्हणाले, "हे कोंबडं हाय का वासरू?" मग गंभीर झाले. एवढ्या मोठ्या जिनसाला बाहेरून मसाला पोचत नसतो, तो आत जायला हवा, असं त्यांचं म्हणणं. वर नुसतं लोणी, मसाला कातडीखाली. आणि मांस कोरडं होत असेल तर आदल्या दिवशी ताकात ठेव. आई मागून ओरडली की तिला या विषयात पडायचं नाही, पण ताकात मीठ-हळद घालायला विसरू नको म्हणावं.

ताकाने जादू केली. लसूण, हळद आणि मीठ घातलेल्या ताकात रात्रभर बुडवलेली टर्की दुसऱ्या दिवशी फडक्याने कोरडी करायची, कातडी अलगद सोडवून आत काळा मसाला, आलं-लसूण आणि लोणी सारायचं. पोटात भरायला पावाऐवजी ज्वारीच्या शिळ्या भाकरीचा कुस्करा, त्यात कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर. आणि भांड्याच्या तळाशी जो रस सुटतो त्यात मैदा न घालता येसर.  ती ग्रेव्ही पहिल्यांदा जमली तेव्हा सुधीरने उठून आणखी एक भाकरी घेतली.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सप्टेंबरात डोरोथी अंगणात पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तिचा मुलगा रे तासाभराच्या अंतरावर राहायचा. तो तिला आपल्या घरी घेऊन गेला, घराला कुलूप लागलं. गल्लीत सगळे हळहळले, आणि हळूहळू असं ठरल्यासारखं झालं की डोरोथीकडचं जेवण आता बंद. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खुर्चीत बसून होती, बारीक झालेली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ते निळं भांडं घेऊन जा. या वर्षी सगळ्यांना तुझ्याकडे बोलव. मलाही."

मी हो म्हणाले आणि परतीच्या वाटेवर घाबरले. माझ्या घरी जेवणं व्हायची ती आपल्या लोकांची. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच चवीवर वाढलेली. त्यात दोन दिवसांनी रेचा फोन आला. तो वाईट माणूस नाही, आवाजात अदब होती. पण त्याने विचारलं की टर्की साधी करता येईल का, म्हणजे नेहमीसारखी. आईचं पोट नाजूक आहे, मुलं खाणार नाहीत, आणि सणाच्या दिवशी लोकांना सणाचीच चव लागते. मी "हो, हो" म्हणत फोन ठेवला आणि बराच वेळ सिंकपाशी उभी राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्या टेबलावर त्यांच्या चवीचं जेवले होते. आता टेबल माझं होतं, तरी चव त्यांचीच हवी होती.

सुधीरने व्यवहारी तोड काढली, दोन टर्क्या करू, एक त्यांची आणि एक आपली. मला पटलं. सेजची जुडीही आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांना फोनवर सहज सांगितलं. 

ते म्हणाले, "दोन केल्यास तर ते त्यांचं खातील, तुम्ही तुमचं. मग एका जागी बसून काय फायदा? पावण्याला त्याच्या घरचं ताट त्याच्या घरी मिळतंच की."

मी म्हटलं, दादा, त्यांना तिखट सोसत नाही.

"तिखट कमी कर. चव कमी करू नको."

मी एकच टर्की केली.

त्या गुरुवारी सकाळपासून मी ओव्हनसमोर होते. डोरोथीच्या निळ्या भांड्यात माझी टर्की बसली. मिरची मी निम्म्याहून कमी केली होती, बाकी काही सोडलं नव्हतं, तीळ, खोबरं, दगडफूल सगळं होतं. क्रॅनबेरीची आंबट चटणी गुळात केली. बटाट्याचा मॅश डोरोथीच्या पद्धतीनेच, कारण तो मला मनापासून आवडतो. दुपारी गल्लीतली माणसं आली, हातात ॲपल-पाय आणि केक घेऊन. शेवटी रेची गाडी लागली. त्याने आईला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं, आणि दारातच त्याचं नाक वर झालं. वास त्याच्या ओळखीचा नव्हता. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं आणि तिने मुलांकडे.

कापायचा मान डोरोथीचा होता, मी सुरी तिच्याच हातात दिली. तिने मांडीचा तुकडा काढला, त्यावर ग्रेव्ही घेतली आणि तोंडात घातला. टेबलावर सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सावकाश चावलं, गिळलं, आणि पुन्हा तुकडा घेतला. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "माझी टर्की दर वर्षी कोरडी व्हायची. मला माहीत होतं. तुम्हा कुणाला सांगायची हिंमत झाली नाही."

सगळेच हसले. गल्लीच्या टोकाचा म्हातारा कबूल झाला की तो इतकी वर्षं फक्त ग्रेव्हीसाठी यायचा. ताटं पुढे सरकली. भाकरीचा कुस्करा सगळ्यात आधी संपला. रेच्या धाकटीने शेंगदाणे वेचून खाल्ले आणि मग कुस्कराही मागितला. रेने दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा स्वतः उठून स्वयंपाकघरात आला. ग्रेव्हीचं पातेलं कलतं करून बघत त्याने विचारलं की यात काय आहे. मी म्हटलं, येसर.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "येस, सर?"

मी डबा दाखवला, वास दिला. त्याने डोळे मिटून वास घेतला आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं. मग टेबलावर जो तो पातेलं पुढे कर म्हणायचं सोडून "येस, सर!" म्हणू लागला. मीही हसले, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. जाताना रे अंगणात थांबला. म्हणाला, मी फोन केला होता तो विसरून जा. मी म्हटलं, कुठला फोन? त्याने मान हलवली आणि आईला गाडीत बसवलं. डोरोथीने काच खाली करून सांगितलं की भांडं परत आणायचं नाही, ते आता तुझं.

निळं भांडं आता माझ्या कपाटात आहे. आई मुरुडच्या बाजारातून सामान आणून अजूनही येसर करून पाठवते. आता थोडा जास्त, कारण त्यातला एक डबा रेकडे जातो. डोरोथी आता चालते, काठी घेऊन, आणि नोव्हेंबर लागला की फोन करून ताक कुठल्या दुकानातून आणणार याची चौकशी करते. गावात लोक हल्ली "लताकडे येणार ना?" असं विचारतात. माझ्या नावाचा उच्चार नीट कुणालाच जमत नाही.

मागच्या आठवड्यात दादांशी बोलत होते. त्यांनी विचारलं, थँक्सगिव्हिंगला कुठं जाणार. मी कणीक मळता मळता म्हणाले, "कुठं न्हाई दादा. सगळे आपल्याकडंच यायलेत." बोलून गेले आणि हात थांबला. इतकी वर्षं दादांशी बोलताना आपल्याकडं म्हणजे मुरुड. आपल्याकडं पाऊस झाला का, आपल्याकडं सोयाबीन काढलं का. या घराला मी नेहमी इकडं म्हणायचे.

दादांनी कुठं म्हणून विचारलं नाही. म्हणाले, "मग दोन किलो जास्तीचं पीठ मळ, माय. आपल्याकडं आलेलं माणूस अर्धपोटी जाऊ नये."