ओढून न पाहिलेली कडी

आमच्या घराण्याचे चांदीकामाचे दुकान परभणीत मोठा भाऊ चालवतो. मी वृत्तपत्रात गेलो. त्यामुळे दुकानातले माझे स्थान सुटीच्या दिवशी स्टुलावर बसून चहा पिणाऱ्याचे आहे. पुढचे बहुतेक मी त्या स्टुलावरून पाहिले.

भावाने मध्यंतरी केडीएम बंद केले. चांदीचे दोन भाग जोडायचे म्हणजे सांध्यावर लवकर वितळणाऱ्या धातूचा तुकडा ठेवून ज्योत द्यायची. याला डाग देणे म्हणतात. केडीएमच्या डागात कॅडमियम असते. ते पटकन वितळते, पाण्यासारखे सांध्यात शिरते आणि त्याचा धूर डाग देणाऱ्याच्या छातीत जातो. आमच्याकडे हे काम एकच कारागीर करतो. तो भावापेक्षा वयाने मोठा आहे आणि सकाळी आल्यावर कामाला हात लावण्याआधी बराच वेळ खोकतो. भावाने मागच्या खोलीची भिंत फोडून धूर ओढणारा पंखा बसवला आणि कॅडमियम नसलेला डाग मागवला. त्याला आच जास्त लागते आणि वेळही. कारागीर सुरुवातीला नाराज होता. गिऱ्हाइकांच्या हे लक्षातही आले नाही.

"बाहेर पाटी लाव की तशी," मी सुचवले.

"पाटी लावली की लोक इचारतेत, आधी काय वापरत होता," भाऊ म्हणाला. पाटी लागली नाही.

आमची बरीच जुनी गिऱ्हाइके लिंगायत व्यापारी घराण्यांतली आहेत. इष्टलिंग ज्या चांदीच्या डबीत ठेवतात, ती डबी ते आमच्याकडून करून घेतात. डबीला दोन कड्या असतात. त्यांतून शिवदारा ओवून ती गळ्यात घालतात. दुकानाची पद्धत अशी की प्रत्येक डाग ओढून पाहायचा. पैंजण असो, करदोडा असो, भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचे आणि खाली वजन टांगायचे. याला एकच अपवाद होता. लिंगाची डबी ओढायची नाही. देवाच्या घराला हिसका द्यायचा नाही, असे वडील सांगत. केडीएम होते तोवर त्यावाचून काही अडलेही नाही. भावाने डाग बदलला. अपवाद तसाच ठेवला.

मे महिन्यात एका सकाळी पूर्णेहून किराणा दुकानाचे एक वृद्ध मालक आले. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. सोबत त्यांची सून होती आणि तिच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती. अप्पांनी डावी मूठ पांढऱ्या फडक्यासह छातीशी धरली होती. त्या मुठीत लिंग होते. उजव्या हाताने त्यांनी थोड्याच महिन्यांपूर्वी आमच्याकडून करून नेलेली डबी रिकामी अशी भावासमोर ठेवली. एक कडी निघालेली होती. पहाटे पोते उचलायला वाकले तेव्हा ती निघाली आणि डबी तांदळाच्या राशीवर पडली. जमिनीला लागली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

"शरणार्थ अप्पा. बसा, पाणी घ्या," भाऊ हात जोडून म्हणाला.

"आधी डबी."

"घेत न्हाईत ते," सून म्हणाली. "लिंग गळ्यात गेल्याशिवाय पाणी न्हाई, असा आमच्या घरचा नेम हाय. शुगरची गोळी बी तशीच राहिली. गाडीत लोक इचारायलेत, बाई, म्हाताऱ्याला पाणी का देईना गेलीस. मी काय सांगू त्यायला?"

अप्पांचे ओठ सुकले होते. बाहेर ऊन चढत होते. भावाने कडी भिंगाखाली धरली. डाग सांध्यात शिरलाच नव्हता, नुसता वर बसला होता. आच कमी पडली होती. त्याने डबी कारागिराकडे दिली.

कारागिराने ती उलटीपालटी करून पाहिली. "जुनी कांडी हाय की खणात," तो म्हणाला. "केडीएमची. एका फुंकरीत होतं. नव्या डागानं वेळ लागंल, आन् बिजागरी बी सांभाळावी लागंल."

"ती ठेवली कशाला?"

"तुमी फेका म्हणला न्हाईत."

भावाने खण उघडला. कांडी काढली, हातात धरली आणि अप्पांकडे पाहिले.

"काय चाललंय?" अप्पांनी विचारले.

भावाला सांगावे लागले. डाग बदलला आहे, जुन्याचा धूर वाईट आहे, नवा नीट बसला नाही, जुन्याने काम लगेच होईल.

"बदलला ते सांगितलं का न्हाई?"

भाऊ कांडी बोटांत फिरवू लागला.

"धूर लागतो कोणाला?"

भावाने कारागिराकडे बोट केले. अप्पांनी कारागिराला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. नवीन आलेली तूर पाहतात तसे.

"मंग त्यालाच इचारा."

"मला घाई न्हाई," कारागीर म्हणाला.

"मला बी न्हाई," अप्पा म्हणाले.

"मला हाय!" सून म्हणाली. "तुमचं तत्त्व हुईल आन् चक्कर आली की सगळे मला बोलतील."

भावाने कांडी खणात टाकली. खण बंद केला. पंखा सुरू झाला.

पहिल्या खेपेला डाग नीट उतरला नाही. कारागिराने सांधा पुन्हा घासला, बिजागरीचा डाग आचेने सुटू नये म्हणून तिच्यावर ओल्या मातीचा लेप दिला आणि आच वाढवली. अप्पा डोळे मिटून बसले होते. सून बाटलीने त्यांना वारा घालू लागली, मग बाटली आहे हे लक्षात येऊन तिने पदर घेतला. दुसऱ्या खेपेला डाग सांध्यात उतरला. डबी धुऊन, पुसून भावाने दोन्ही हातांनी अप्पांपुढे धरली.

अप्पांनी घेतली नाही. "ओढून बघा."

"ही ओढत न्हाईत, अप्पा. वडलांपासून."

"आता रिकामी हाय. रिकामी डबी म्हणजे चांदी. ओढा."

भाऊ उभाच राहिला. शेवटी अप्पा स्वतः उठले, डबी खिळ्याला अडकवली आणि किलोचे वजन मागितले. ते टिकल्यावर दोन किलोचे मागितले. माप त्यांच्या धंद्यातले असल्याने कोणी वाद घातला नाही. कडी हलली नाही. मग त्यांनी कोपऱ्यात बसून भस्म लावले, लिंग डबीत ठेवले, शिवदारा ओवून गळ्यात घातला आणि सुनेकडे हात केला. बाटली त्यांनी एका दमात रिकामी केली.

"नव्या डागाच्या डब्या अजून कोणाला दिल्या?" त्यांनी तोंड पुसत विचारले.

भावाने घरे सांगितली. पाथरी, पिंगळी, आणखी काही पूर्णेतच.

"मी फोन करतो सगळ्यायला. तुमी सामान घेऊन जा आन् ओढा."

कोणाचीही तक्रार नसताना, विकलेला माल घरोघर जाऊन तोडून पाहण्याची आमच्या दुकानाची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या रविवारी भाऊ, कारागीर आणि मी जीप करून निघालो. पाथरीच्या घरी यजमानांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"ओढल्यावर तुटली तर?"

"इथंच जोडून देतो."

"टाइम किती लागंल?"

"तासभर तरी."

यजमान उठले. "मंग थांबा. आधी जेवून घेतो."

पुढे प्रत्येक घरी तेच झाले. पूर्णेच्या अप्पांनी फोनवर आपली तहान सविस्तर सांगितली असावी. घरातले जेवणार म्हटल्यावर पाहुण्यांना ताट आलेच. आधीच्या घरी झाले, हे कारण कोणी ऐकले नाही. कारागिराने कंबरेचा पट्टा सैल केला. कड्या टिकत गेल्या.

पिंगळीत एक निघाली. भावाने मान खाली घातली आणि सामानाची पेटी उघडली. यजमानांनी लिंग तळहातावर घेतले, भिंतीला टेकून बसले आणि एक लांब ढेकर दिला.

"सावकाश करा," ते म्हणाले.