हिच्या मामांची रजा

अख्ख्या पृथ्वीवर पांगलेल्या दोनेकशे माणसांना रत्नागिरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून शिस्त लावणारा माणूस आजवर एकच निपजला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मोठमोठ्या साहेबांना फौजफाटा घेऊन जे जमलं नाही, ते मामांनी एक लाल पेन आणि 'मंजूर' असा रबरी शिक्का एवढ्या भांडवलावर करून दाखवलं. मी हे कौतुकाने लिहितोय, पण त्यामागे माझ्या मनावरचं एक ओझंही आहे. ते आधीच उतरवलं तर मामांची गंमत सांगायची राहून जाईल, म्हणून थोडा थांबतो. तसंही ते मला आता सवयीचं झालंय.

मामा एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात कारकून होते. येणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदाचा क्रमांक वहीत उतरवायचा, यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाले तेव्हा आता हा माणूस दिवसभर करणार काय, अशी काळजी आम्हाला पडली. ती काळजी अमेरिकेतल्या एका भाच्याने मिटवली. परदेशातल्या रत्नागिरीकरांना एकमेकांशी ईमेलवर गप्पा मारता याव्यात म्हणून त्याने इंटरनेटवर एक गट काढला, त्याला 'पडवी' नाव दिलं आणि मामांना त्याचा प्रमुख केलं. सभासदाने लिहिलेला मजकूर प्रमुखाने एक बटण दाबून मंजूर केला की तो सगळ्यांना जायचा, एवढंच काम. म्हाताऱ्याचा वेळ जाईल, असा भाच्याचा हिशोब. पण मामा ते काम असं हातात घेऊन बसले, जणू त्यांना बढतीवर नव्या जागी नेमलंय. स्वतःला ते 'संचालक' म्हणवून घेत.

घरात संगणक नव्हता, आणि आणायचा विचारही नव्हता. गल्लीच्या तोंडाशी एका वहिनींचं फोनचं बूथ आणि झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे त्यांनी दोन संगणक ठेवले होते. सकाळी दहाच्या ठोक्याला मामा तिथे हजर होत आणि आलेले सगळे संदेश कागदावर छापून घेत. पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते कागद घरी न्यायचे, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं लोकांचं मराठी लाल पेनाने वर देवनागरीत उतरवायचं, आवक क्रमांक घालायचा, पटलं तर शिक्का मारायचा, आणि चारला चहा घेऊन पुन्हा दुकानात जाऊन बटण दाबायचं. त्यामुळे शिकागोच्या माणसाने पलीकडच्या वस्तीतल्या माणसाला पडवीवर जेवायला बोलावलं, तर ते आमंत्रण जेवण होऊन भांडी घासून झाल्यावर पोचे. कुणी तक्रार केली की तीही छापली जाई, तिला क्रमांक मिळे, आणि दुसऱ्या दिवशी ती रीतसर सगळ्यांना जाई.

मामांचा दुसरा विशेष म्हणजे स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी कुठलीही बातमी पुढे सोडली नाही. 'बघून सांगतो' हे त्यांचं कायमचं उत्तर. एका सभासदाने शारजाहून आपल्या लहानपणच्या विहिरीबद्दल दोन पानं गहिवरून लिहिलं. मामांनी ते अडवून ठेवलं, रिक्षाने त्या आळीत जाऊन आले, आणि मगच मजकूर सोडला. खाली लाल शाईत लिहिलेली टीप त्यांनी एका बोटाने टाइप केली, "विहीर आहे. पाणी गढूळ आहे. रहाट नाही." वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या तर ज्याचा वाढदिवस, त्याच्या आईला गाठून तारीख पडताळून घ्यायचे. आई देवरूखला असली तर एसटीने देवरूख. शुभेच्छा चार दिवस उशिरा जायच्या, पण त्यांच्याखाली आईने दिलेला निरोप असायचा, आणि ती पोरं तिकडे ढसाढसा रडायची म्हणे. आंब्याच्या दिवसांत देवगडचा हापूस श्रेष्ठ असं लिहिणाऱ्याचा मजकूर मात्र ते दाबून ठेवत आणि पावसाळा लागल्यावर सोडत. त्या वेळी का अडवलात, असं विचारल्यावर म्हणाले, "बघून सांगायचं होतं. देवगडचा आंबा खायला कुणी बोलावलंच नाय."

सगळ्यात कहर रजेच्या अर्जांचा. आठ दिवसांपेक्षा जास्त कुणी पडवीवर फिरकणार नसेल तर त्याने तसा अर्ज करावा, असा नियम मामांनी काढला. आधी लोक हसले, मग गंमत म्हणून करू लागले, आणि नंतर खरंच करू लागले. न्यू जर्सीच्या एकाने बायकोच्या बाळंतपणासाठी महिन्याची रजा मागितली. मामांनी दहा दिवस मंजूर केली आणि शेरा मारला, "बाळंतपण अर्जदाराचे नाही, हे विचारात घेतले आहे." स्वतः मामांनी मात्र कधी रजा घेतली नाही. हर्नियाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद घेऊन इस्पितळात बोलावलं होतं. सलाईनची सुई डाव्या हातात होती, शिक्का उजव्यात.

एका वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर वादळ आलं तेव्हाची गोष्ट. पाऊस संपून मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता, बऱ्याच लाँच खोल समुद्रात गेलेल्या. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. मी शिकवतो ती शाळा सकाळीच सोडून दिली. घरी येऊन कपडे बदलतोय तोवर मामा दारात. अंगात रेनकोट, पायात चपला, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल.

"जावईबुवा, मी रजेवर जातोय," ते म्हणाले. "कार्यभार घ्या."

मला आधी कळेचना. त्यांनी टेबलावर कागद पसरले. कार्बन घालून दोन प्रती केलेल्या होत्या. शिक्का एक, शाईची डबी एक, लाल पेन एक, प्रलंबित संदेश, आणि लाखेने बंद केलेलं पाकीट एक, ज्यात पडवीचा परवलीचा शब्द होता. खाली देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, वेळ. बाहेर माडांच्या झावळ्या कौलांवर आपटत होत्या आणि मामा मला सहीखाली 'हंगामी संचालक' असं लिहायला लावत होते.

हिने विचारलं, निघालात कुठे. तेव्हा समजलं की आदल्या संध्याकाळपासून आखातातल्या सभासदांनी आपापल्या घरच्या लाँचची चौकशी लावली होती, आणि मामा जेटीवर चालले होते.

"मामा, वारा बघताय ना?" ही म्हणाली. "फोन करून विचारा की कुणाला तरी."

"फोनवर लाँच दिसते काय गो?" मामा म्हणाले. छत्री त्यांनी आमच्याकडेच ठेवली. ती कार्यभाराच्या यादीत नव्हती म्हणून तिची वेगळी ओळ लिहून माझी सही घेतली.

आता माझं. दुपारी बाराच्या सुमाराला मी वहिनींच्या दुकानात गेलो. वीज गेलेली होती, पण इन्व्हर्टरवर एक संगणक चालू होता. लाख फोडून पाकीट उघडलं. आत मामांच्या वळणदार अक्षरात परवलीचा शब्द होता, 'बघूनसांगतो'. मी हसलो. तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं.

मंजुरीच्या रांगेत सात संदेश एकट्या रुबिनाचे होते. रुबिना दोहाला असते. तिचे वडील तांडेल, म्हणजे स्वतःची लाँच स्वतःच हाकणारे, आणि ते पाच खलाशी घेऊन बाहेर गेले होते. घरचा फोन लागत नव्हता. सातव्या संदेशात फक्त एवढंच होतं, "अब्बांची लाँच आली काय? कुणीतरी सांगा." आणि त्याच्याखाली आठवा संदेश होता, सुट्टीवर खेडला आलेल्या एका सभासदाचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या सर्व लाँच सुखरूप परतल्याचं समजतं, असं त्याने कळवलं होतं.

मी तो तीनदा वाचला. मामांनी काय केलं असतं हे मला ठाऊक होतं. पण मला त्या मुलीची दया आली, आणि खरं सांगायचं तर आपल्या हातून कुणाला तरी आनंद मिळतोय याची मला थोडी ऐटही वाटली. मी बटण दाबलं. पाच मिनिटांत रुबिनाचं उत्तर आलं. देवाचे आभार मानले होते, शेजारणींना खीर वाटते म्हणाली होती, आणि शेवटी, "मामू, तुम्ही पाठवलंत म्हणजे खरंच असणार." मग इन्व्हर्टरने शिटी मारली आणि पडदा काळा झाला. त्यानंतर जो वारा सुटला, तो दिवेलागणीपर्यंत थांबला नाही.

मामा आले ते नखशिखान्त भिजून. एक चप्पल नव्हती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली डायरी मात्र कोरडी. तिच्यात त्यांनी लाँचची नावं ओळीने लिहिली होती आणि डोळ्यांनी बघितलेल्या प्रत्येक लाँचपुढे खूण केली होती. खुणेशिवाय एकच नाव होतं. ते रुबिनाच्या वडिलांच्या लाँचचं. मी सगळं सांगून टाकलं.

मामांनी रेनकोट खुंटीला अडकवला. "बातमी कुठची?"

"खेडची."

"खेडास समुद्र कधी आला?" ते इतक्या सरळ विचारत होते, की हसूही येईना आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ते आधी रुबिनाच्या आईकडे जाऊन आले. मग बाजारात एका दुकानाने जनरेटर लावल्याचं कळलं, तिथे आम्ही दोघे गेलो. मामांनी एका बोटाने टाइप केलं. काल पडवीवर दिलेली बातमी चुकीची आहे. ती न बघता मंजूर केली, ही चूक संचालकाची. रुबिनाच्या वडिलांची लाँच अजून आलेली नाही, मी जेटीवर आहे. या चुकीबद्दल मी पडवीचं काम सोडत आहे. खाली त्यांचं नाव.

मी म्हणालो, मामा, चूक माझी आहे, माझं नाव घाला.

"तुम्ही हंगामी," मामा म्हणाले. "हंगामी माणसाच्या नावावर चूक टाकत नाहीत. कायम माणूस असतो कशाला?"

आणि मी गप्प बसलो. हेच ते ओझं. दोनशे माणसांपुढे आपलं नाव जायचं टळलं, म्हणून त्या क्षणी मला बरं वाटलं होतं.

दोन दिवस मामा जेटीवर बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका लाँचने ओढत रुबिनाच्या वडिलांची लाँच आणली. इंजिन बिघडल्यावर त्यांनी कसाबसा जयगडच्या खाडीत आसरा घेतला होता, आणि तिथून फोन लागत नव्हता. म्हावरं सगळं कुजलेलं, वासाने उभं राहवेना, आणि मामा फळीवरून आत जाऊन माणसं मोजत होते. तांडेल म्हणाले, अहो, आम्ही सगळे आहोत. मामांनी तरी पुन्हा मोजली. मग मला सांगितलं, लिहा. मी पडवीवर लिहिलं, "आली. सहा माणसे. मामांनी पाहिली." रुबिनाने उलट लिहिलं, "मामूंना म्हणावं, परत या."

तसं सगळ्यांनीच लिहिलं. न्यू जर्सीच्या त्या बापाने तर रीतसर विनंती-अर्ज केला. पण मामांनी राजीनामा माझ्यापुढे ठेवला होता आणि त्यावर शिक्का मारायचा अधिकार आता माझा होता. आठ दिवस मी शिक्का लपवून ठेवला. नवव्या दिवशी ते म्हणाले, "जावईबुवा, पोरगी खीर वाटून बसलेली. दोन दिवस तिने काय काढले असतील? आता मला बटण दाबवत नाय." मी शिक्का मारला. त्यांनी पोच मागितली.

तेव्हापासून हंगामी संचालक मीच. संदेश हल्ली कमी येतात, आणि मी ते लगेच सोडतो, त्यामुळे त्यात पूर्वीची मजा नाही, असं लोक म्हणतात. मध्यंतरी एकदा मी धीर करून सगळं खरं लिहून काढलं. बटण कुणी दाबलं, गप्प कोण बसलं, सगळं. मंजूर करणारा मीच, तरी ते सोडवेना. म्हणून ते छापलं आणि मामांकडे घेऊन गेलो.

मामांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. लाल पेनाने दोन ठिकाणी दुरुस्ती केली, कोपऱ्यात आवक क्रमांक घातला, आणि कागद फाइलीत ठेवून नाडी बांधली. मी विचारलं, मग पाठवू ना?

"बघून सांगतो," मामा म्हणाले.

याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी मी जातो, चहा होतो, पडवीवर काय चाललंय ते मामा विचारतात. निघताना मी फाइलीकडे बघतो. मामा छत्री पुढे करतात, आभाळ असो वा नसो, आणि ती दिल्याची नोंद करून माझी सही घेतात.